जनुकांची माहितीकोठारे : काय सांगतात, काय सांगत नाहीत

"तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसते, असे तुम्हीच शिकवलेत. मग सर, रक्तात हिमोग्लोबिनच्या जनुकाचे काम एवढे जोरात चालले आहे असे हा आलेख कसे दाखवतो?"

पारशिवनी येथे बारावीच्या काही मुलांना आम्ही संगणकाच्या पडद्यावर जनुकांचे एक माहितीकोठार दाखवत होतो, तेव्हा एका विद्यार्थिनीने हा प्रश्न केला. प्रश्न नेमका होता. त्याचे उत्तर पुढे येईलच. पण या प्रश्नामुळे आम्हांला एक गोष्ट जाणवली. अशा कोठारांविषयी कौतुकाने लिहिणारे पुष्कळ आहेत. आकडा दिसला की तो जनुकाचा गुणधर्म समजून वहीत उतरवणारेही पुष्कळ आहेत. पण ही कोठारे पारखून घेणारे लिखाण मराठीत फारसे आढळत नाही. शिक्षकांना व वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल अशी पारख येथे करण्याचा प्रयत्न आहे.

पारखण्यासाठी आम्ही एकच जनुक निवडले : हिमोग्लोबिनमधील बीटा साखळी घडवणारे 'एचबीबी'. हे निवडण्यास कारण आहे. पेंच नदीकाठच्या या तालुक्यात, आणि एकूणच विदर्भात, सिकलसेल हा केवळ पाठ्यपुस्तकातला आजार नाही. मध्य भारतातील सिकलसेलविषयी शुक्ला व सोळंकी यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले ते १९५८ साली. आज येथल्या मुलांना सोल्युबिलिटी चाचणी ठाऊक असते, 'वाहक' आणि 'ग्रस्त' यांतला फरक ठाऊक असतो, आणि ज्याला वारंवार सांधे दुखून शाळा बुडवावी लागते असा कोणी ना कोणी ओळखीत असतो. तेव्हा परीक्षेला हाच प्रश्न लावणे योग्य ठरेल.

कोठारात काय भरलेले असते?

आपल्या शरीरातील बहुतेक सर्व पेशींत जनुकांचा संच तोच असतो. पण यकृताची पेशी काही जनुके वापरते, मेंदूची पेशी दुसरी. जनुक वापरात आले की त्याची नक्कल असलेला संदेशवाहक आरएनए तयार होतो. यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. असे संदेश मोजून त्यांचे आकडे साठवणे हे पहिल्या प्रकारच्या कोठाराचे काम.

शिक्षकांना ओळखीचे उदाहरण घेऊ. समजा, राज्यातल्या प्रत्येक शाळेच्या ग्रंथालयात तीच वीस हजार पुस्तके आहेत. मग दोन शाळांतला फरक कपाटे पाहून कळणार नाही. देवघेवीचे रजिस्टर पाहून कळेल. कोणते पुस्तक किती वेळा बाहेर गेले, हे ते रजिस्टर सांगते. अभिव्यक्तीचे कोठार म्हणजे असे रजिस्टर.

दुसऱ्या प्रकारची कोठारे याच्या पुढे जातात. एखादे पुस्तक कपाटातून मुद्दाम काढून घ्यायचे आणि शाळेचे कोणते काम अडते ते पाहायचे, अशी त्यांची रीत. प्रयोगशाळेत एका वेळी एक जनुक बिघडवायचे किंवा दाबून टाकायचे आणि पेशीत काय बदलते त्याची नोंद करायची. 'क्रिस्पर' हे तंत्र हाती आल्यापासून असे प्रयोग हजारो जनुकांवर एकदम करता येऊ लागले.

आता रजिस्टरची मर्यादा पाहा. पुस्तक किती वेळा गेले हे त्यात असते. पुस्तकात छपाईची चूक आहे का, हे त्यात नसते. सिकलसेल हा नेमका छपाईच्या चुकीचा आजार आहे. एचबीबी जनुकात एका ठिकाणी एक अक्षर बदलते, 'जीएजी' या त्रिकाचे 'जीटीजी' होते, आणि प्रथिनात ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. संदेशांच्या संख्येत याचा मागमूस लागतोच असे नाही. म्हणजे आमच्या परिसरातील सर्वांत महत्त्वाचा जनुकीय दोष या कोठारातल्या मुख्य आकड्यात दिसतच नाही. वर्गात कोठार उघडण्यापूर्वी हे सांगितले पाहिजे.

जाता जाता आणखी एक सूचना. पाठ्यपुस्तकात हा बदल सहाव्या स्थानी दिलेला असतो, तर जनुकांच्या आधुनिक नोंदींत सातव्या. दोन्ही बरोबर आहेत. प्रथिन तयार होताना आरंभी येणारे मेथिओनिन नंतर छाटले जाते. जुन्या मोजणीत ते धरत नसत, नव्या मोजणीत धरतात. मुले गोंधळली तर पुस्तक चुकले असे सांगू नये.

पहिली परीक्षा : किती?

आम्ही मुलांना दाखवले ते 'जीटेक्स' नावाचे कोठार. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी २०१० मध्ये हे काम सुरू केले. शरीराच्या पन्नासहून अधिक भागांतील नमुने घेऊन प्रत्येकात कोणते जनुक किती व्यक्त होते ते मोजले. एच-बी-बी ही तीन रोमन अक्षरे टाइप केली की आलेख येतो. रक्ताचा स्तंभ इतका उंच की बाकीचे भाग तळाशी चिकटून बसतात.

विद्यार्थिनीचा प्रश्न येथला. उत्तर असे, की अस्थिमज्जेत तयार होताना तांबड्या पेशीला केंद्रक असते आणि त्या काळात ती एचबीबीचे संदेश प्रचंड प्रमाणात तयार करते. केंद्रक बाहेर टाकल्यावरही काही काळ हे संदेश पेशीत शिल्लक राहतात. नुकत्याच रक्तात आलेल्या कोवळ्या पेशी ते बरोबर घेऊन येतात. म्हणजे आलेखात दिसते ते रक्तात चाललेले काम नव्हे. काम मज्जेत होऊन गेले, त्याचा हा उरलेला माल आहे.

याच आलेखात फुप्फुसासारख्या भागांतही एचबीबी थोडेफार दिसते. फुप्फुस हिमोग्लोबिन बनवते असा निष्कर्ष एका मुलाने लगेच काढला. खरे कारण साधे आहे. फुप्फुसाचा तुकडा घेतला की त्यातले रक्तही आले. ऊतीचा तुकडा म्हणजे एका जातीच्या पेशी नव्हेत. रजिस्टर शाळेचे आहे, विद्यार्थ्याचे नाही.

आणखी एक गोष्ट. जन्मापूर्वी बाळाच्या रक्तात वेगळे हिमोग्लोबिन असते. त्यात बीटा साखळीऐवजी गॅमा साखळी असते. जन्मानंतर काही महिन्यांत ते कमी होत जाते. म्हणूनच सिकलसेल असलेले बाळ पहिले काही महिने बरे दिसते. पण जीटेक्सचे दाते सर्व प्रौढ, साधारण वीस ते सत्तर वर्षांचे, आणि बहुतेक नमुने मृत्यूनंतर घेतलेले. त्यामुळे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनची जनुके येथे जवळपास निजलेली दिसतात. ती कधी जागी होती, हे या कोठारावरून कळणार नाही.

दुसरी परीक्षा : गरज आहे का?

'डेपमॅप' हे अमेरिकेतील ब्रॉड संस्थेचे कोठार बिघाडाच्या प्रयोगांचे आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या एक हजाराहून अधिक कर्करोगपेशींच्या वाणांवर हे प्रयोग झाले आहेत.

पद्धत धानाच्या बांधीवरून समजावता येते. हजारो प्रकारचे बी एकत्र मिसळून एकाच बांधीत पेरले, प्रत्येक प्रकारात एक वेगळी उणीव आहे, आणि काही आठवड्यांनी कोणता प्रकार कमी झाला ते मोजले, तर ज्याची संख्या घटली त्याची उणीव महत्त्वाची होती असे म्हणता येईल. येथेही तसेच. पेशींच्या मोठ्या समूहात प्रत्येक पेशीत एक जनुक बिघडवतात, सुमारे तीन आठवडे वाढू देतात आणि मोजतात. गुणांकन असे, की शून्य म्हणजे त्या जनुकावाचून काही अडले नाही, आणि उणे एक किंवा त्याखाली म्हणजे पेशीला ते अत्यावश्यक.

एचबीबीचा गुण शून्याच्या आसपास. म्हणजे 'गरज नाही'.

हे वाचून वर्गात शांतता पसरली. ज्या जनुकातील एका अक्षरापायी माणसे आयुष्यभर वेदना सोसतात, त्याची गरज नाही? कोठार खोटे बोलत नाही. त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा आहे. काचपात्रात, भरपूर पोषकद्रव्यांत वाढणाऱ्या कर्करोगपेशीला जगण्या-वाढण्यासाठी हे जनुक लागते का, एवढाच तो प्रश्न. तिला प्राणवायू वाहून नेण्याचे काम नाही, बारीक रक्तवाहिन्यांतून वाट काढायची नाही. 'पेशीला आवश्यक' आणि 'माणसाला आवश्यक' या दोन गोष्टी भिन्न आहेत. हा फरक पानावरच ठळकपणे सांगण्याची जबाबदारी कोठार चालवणाऱ्यांची आहे, असे आमचे मत आहे. जाणकारासाठी खुलासे तेथे आहेत, पण नवख्याला आधी दिसतो तो आकडा.

तिसरी परीक्षा : कोणत्या पेशीत?

२०२२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी एक मोठे काम प्रसिद्ध केले. सुमारे ९,९०० जनुके एकेक करून दाबली आणि पंचवीस लाखांहून अधिक पेशी एकेक तपासून प्रत्येक वेळी इतर जनुकांवर काय परिणाम झाला ते नोंदवले. सर्वांत मोठा प्रयोग झाला तो 'के-५६२' या पेशींवर.

के-५६२ ही पेशी वाचकांनी ओळखून घेण्याजोगी आहे. १९७५ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. रक्ताचा कर्करोग झालेल्या एका त्रेपन्न वर्षांच्या स्त्रीच्या पेशींपासून हा वाण तयार झाला. वाढवायला सोपी, जगभर उपलब्ध, म्हणून हजारो प्रयोगांत तीच वापरली जाते. ती तांबड्या पेशींच्या कुळाशी नाते सांगते, म्हणून हिमोग्लोबिनच्या अभ्यासाला चांगली, असे वाटण्याचा संभव आहे. पण गंमत अशी, की ही पेशी गर्भावस्थेतील व त्याआधीच्या भ्रूणावस्थेतील ग्लोबिन बनवते. प्रौढाची बीटा साखळी जवळजवळ बनवतच नाही. जे पुस्तक त्या शाळेत कोणी उघडतच नाही, ते काढून घेऊन काय अडणार?

म्हणजे एकाच जनुकाविषयी तीन कोठारांनी तीन निवाडे दिले : 'अतिशय व्यस्त', 'अनावश्यक' आणि 'मूक'. तिन्ही खरे. पेशीचे नाव वगळून वाचले तर तिन्ही दिशाभूल करणारे. या लेखात आमचे मुख्य म्हणणे एवढेच आहे : कोठारातला आकडा एकट्या जनुकाचा कधीच नसतो. तो अमुक पेशीतल्या, अमुक परिस्थितीतल्या जनुकाचा असतो.

योग्य पेशी निवडली की काय होते

ही टीका वाचून कोठारे निरुपयोगी आहेत असा कोणाचा समज होऊ नये. योग्य पेशीत योग्य प्रश्न विचारला तर केवढे काम होते, याचे उदाहरणही सिकलसेलचेच आहे.

गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठेपणी पुन्हा सुरू करता आले तर सिकलसेलची तीव्रता कमी होईल, हे पूर्वीपासून माहीत होते. ते बंद कोण करते हे मात्र कळत नव्हते. २००७ व २००८ मध्ये अनेक लोकांच्या जनुकांची तुलना करताना 'बीसीएल-११-ए' या जनुकाकडे बोट दाखवले गेले. २००८ मध्येच तांबड्या पेशींच्या पूर्वजपेशींत हे जनुक दाबून पाहिले, तेव्हा गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढले. खटका सापडला.

पण हे जनुक सरसकट बिघडवणे धोक्याचे, कारण मेंदूच्या घडणीत आणि काही पांढऱ्या पेशींत ते लागते. २०१३ मध्ये असे दिसून आले की या जनुकाच्या पोटातच एक छोटा भाग आहे, आणि तो केवळ तांबड्या पेशींच्या कुळात या जनुकाला जोर देतो. २०१५ मध्ये या भागावर क्रिस्परने जागोजागी काप घेऊन नेमका कोठला काप उपयोगी पडतो ते शोधले गेले. त्यासाठी वापरलेल्या पेशी के-५६२ नव्हत्या. जपानमध्ये नाळेच्या रक्तापासून तयार केलेला, प्रौढ हिमोग्लोबिन बनवणारा पेशींचा वाण त्यासाठी निवडला होता. पुढे याच भागावर काप घेणारी उपचारपद्धती 'कॅसजेव्ही' या नावाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये व डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झाली.

त्या उपचाराची अमेरिकेत जाहीर झालेली किंमत बावीस लाख डॉलर. आपल्या तालुक्याच्या दवाखान्याशी या आकड्याचा काही संबंध जोडणे अवघड आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी संस्थेने विकसित केलेल्या 'बिरसा १०१' या देशी उपचाराची व तो पुढे नेण्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी झालेल्या कराराची घोषणा झाली. ते प्रयत्न यशस्वी होवोत. पण येथे मुद्दा किमतीचा नाही. पेशीची निवड प्रश्नाप्रमाणे केली म्हणून उत्तर मिळाले, हा आहे.

कोणाची पेशी?

आता सर्वांत अवघड मुद्दा. जीटेक्सच्या २०२० मधील मुख्य अहवालात ८३८ दाते आहेत. त्यांपैकी सुमारे ८५ टक्के युरोपीय वंशाचे अमेरिकन. आशियाई वंशाचे दोन टक्केसुद्धा नाहीत. के-५६२ तर एकाच व्यक्तीची.

याने काय बिघडते? सिकलसेलचा दोष जगात सगळीकडे तोच, पण आजार सगळीकडे सारखा नाही. भारतात व सौदी अरेबियाच्या पूर्व भागात हा दोष जनुकांच्या ज्या ठेवणीसोबत आढळतो, तिच्यात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जास्त राहते. त्यामुळे भारतातील सिकलसेल सौम्य, असे पुष्कळ दिवस मानले जाई. नागपूरला येणाऱ्या मुलांवरील अभ्यासांनी मात्र वेगळे चित्र दाखवले. येथे अनेक मुलांत आजार चांगलाच तीव्र असतो. दोष तोच, ठेवणही तीच, तरी एकाला त्रास कमी व दुसऱ्याला जास्त का? उत्तराचा काही भाग इतर जनुकांच्या अभिव्यक्तीत असू शकतो, काही भाग हवामान, आहार, संसर्ग यांत. पण ज्या कोठारात या लोकांच्या मज्जेचा वा रक्ताचा नमुनाच नाही, ते या प्रश्नावर काय बोलणार?

आपल्याकडे काम सुरूच नाही असे नव्हे. फरीदाबाद येथील भारतीय जैविक माहिती केंद्र २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. 'जीनोम इंडिया' प्रकल्पातील सुमारे दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. पण वरच्या उदाहरणाच्या भाषेत सांगायचे तर ही ग्रंथालयातील पुस्तकांची यादी आहे, देवघेवीचे रजिस्टर नव्हे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे ठरले. इतके रक्त तपासले जात असताना, लोकांची रीतसर संमती घेऊन, त्यांची नावे गुप्त ठेवून, त्यातल्या थोड्यांच्या तरी पेशींत जनुके कशी व्यक्त होतात याचे एक कोठार उभे राहावे, आणि नमुने देणाऱ्या गावांना त्यातून काय कळले ते त्यांच्या भाषेत सांगितले जावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

मोजलेले आणि अनुमानलेले

दोन सावधगिऱ्या थोडक्यात. 'कनेक्टिव्हिटी मॅप' या कोठारात औषधे व जनुकीय बिघाड यांच्या परिणामांचे दहा लाखांहून अधिक आलेख २०१७ पर्यंत जमा झाले. मात्र प्रत्येक वेळी प्रत्यक्ष मोजली गेली ती ९७८ जनुके. बाकीच्यांचे आकडे त्यांवरून गणिताने काढलेले. काटकसर म्हणून हे योग्य, पण अनुमानाला मोजमाप समजू नये.

दुसरे, नोंदी माणसे करतात. २००० साली सुरू झालेल्या 'जीईओ' या सार्वजनिक कोठारात जगभरचे संशोधक आपली माहिती ठेवतात. २०१६ मध्ये काहींनी त्यातले माहितीसंच तपासले. नमुन्याचे नोंदलेले लिंग त्यातल्या लिंगविशिष्ट जनुकांच्या अभिव्यक्तीशी जुळते का, एवढेच पाहिले. तपासलेल्या संचांपैकी जवळजवळ निम्म्या संचांत निदान एक नमुना चुकीच्या लिंगाखाली नोंदलेला निघाला.

वर्गात काय वापरावे?

ही सर्व कोठारे इंग्रजीत आहेत. वर उल्लेखिलेल्यांपैकी जीटेक्सचे आलेख विनामूल्य पाहता येतात आणि स्तंभालेख वाचण्याच्या सरावासाठी ते उत्तम आहेत. 'एक्सआयएसटी' हे जनुक काढून गर्भाशय व पुरःस्थ ग्रंथी यांचे स्तंभ मुलांना तुलनेला द्यावेत. हे जनुक स्त्रियांत दोनपैकी एक 'एक्स' गुणसूत्र निजवते. आलेखात फरक इतका स्पष्ट दिसतो की वेगळे समजावण्याची गरज पडत नाही. स्वीडनमध्ये २००३ साली सुरू झालेला 'ह्यूमन प्रोटीन ॲटलास' आम्हांला शाळेसाठी सर्वांत उजवा वाटला, कारण त्यात रंगवलेल्या ऊतींची छायाचित्रे आहेत आणि कोणत्या जातीच्या पेशीत जनुक व्यक्त होते हे वेगळे दाखवले आहे. डेपमॅप शिक्षक सोबत असतानाच उघडावे. जीईओ शाळेसाठी नाही.

आणि काहीही उघडण्यापूर्वी फळ्यावर चार प्रश्न लिहावेत : कोणती पेशी? कोणाची? काय मोजले? मोजले की अनुमानले? ज्या आलेखाच्या बाबतीत चारांची उत्तरे मिळत नाहीत, तो वहीत उतरवू नये.

प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीला आम्ही कोवळ्या तांबड्या पेशींचे उत्तर दिले. तिने ते लिहून घेतले आणि पुढचा प्रश्न केला : "मग मज्जेतली पेशी घेऊन का नाही मोजले? आणि इथल्या माणसाची?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी होते. मज्जा काढणे त्रासाचे आहे, रक्त काढणे सोपे. दुसऱ्याचे उत्तर तिच्या पिढीला द्यावे लागेल.